गृहपाठ आईचा, स्टार मुलाला

तिसरीतल्या मुलाच्या वहीत लाल शाईने ‘छान’ लिहिलेलं असतं आणि शेजारी एक चमचमता स्टार चिकटवलेला असतो. हा स्टार नेमका कुणाला मिळाला? घरात शाळकरी मूल असेल तर विचारून बघा. मूल म्हणेल, मला. बाई म्हणतील, अर्थातच त्याला. आई काही बोलणार नाही, नुसती हसेल. आदल्या रात्री जागून तो तक्ता कुणी रंगवला हे तिला माहीत असतं. खरं तर ते बाईंनाही माहीत असतं आणि मुलालाही. तिघांनी मिळून एक नाटक चालवलेलं असतं आणि त्या नाटकाला आपण ‘मुलाच्या शिक्षणात पालकांचा सहभाग’ असं भारदस्त नाव दिलेलं आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या गृहपाठातून पालकांनी हात काढून घ्यावेत. अर्धवट नाही, पूर्ण. जो गृहपाठ मोठ्या माणसाशिवाय होऊच शकत नाही, तो गृहपाठ नव्हेच. तो शाळेत शिकवायचा राहून गेलेला भाग आहे आणि तो आला तसाच शाळेला परत पाठवायला हवा. यात मुलाचं नुकसान होईल असं वाटत असेल, तर नुकसान सध्याच्या पद्धतीत किती होतंय ते आधी पाहू.

‘आमचं ईव्हीएस राहिलंय’

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संध्याकाळी सातनंतर एक चक्कर मारा. ‘आजचा होमवर्क कुणी टाकेल का प्लीज?’ ‘पान ४३ की ४४?’ ‘मॅमनी कर्सिव्हमध्येच सांगितलंय का?’ त्याखाली वह्यांचे फोटो, त्याखाली हात जोडलेले इमोजी. गंमत म्हणजे या ग्रुपमध्ये एकही मूल नसतं. ज्याला अभ्यास दिला आहे तो बाजूच्या खोलीत कार्टून बघत असतो. आज वर्गात काय सांगितलं हे ऐकायची, लक्षात ठेवायची, डायरीत उतरवून आणायची त्याला गरजच उरलेली नाही, कारण ग्रुप आहे. गृहपाठातून मूल निदान एवढं तरी शिकतं असं आपण म्हणायचो, की स्वतःचं काम स्वतः लक्षात ठेवावं. तेही आपण त्याच्याकडून काढून घेतलं.

बोलण्यातली सर्वनामं ऐका. ‘आमची उद्या युनिट टेस्ट आहे.’ ‘आमचं ईव्हीएस राहिलंय.’ ‘आम्हाला हिंदीत दोन मार्क गेले.’ हे बोलणारी बाई चौतीस वर्षांची असते, बँकेत नोकरीला असते आणि तिची शेवटची परीक्षा होऊन दहा वर्षं उलटलेली असतात. यात हसण्यासारखं काही नाही. शाळेने तिला खरोखरच पुन्हा तिसरीत बसवलं आहे, आणि या वेळी तिच्या नावावर मार्कही पडत नाहीत.

मग येतात प्रोजेक्ट. दुसरीतल्या मुलाला ‘वाहतुकीची साधने’ या विषयावर मॉडेल करायला सांगितलेलं असतं. दुसरीतल्या मुलाला कात्रीने सरळ रेघही नीट कापता येत नाही, आणि ते त्याच्या वयाला शोभणारंच आहे. पण मॉडेलवरचं विमान मात्र ग्लू गनने चिकटवलेलं, कलर प्रिंट काढलेलं आणि वर लॅमिनेट केलेलं असतं. स्टेशनरीच्या दुकानात तयार तक्ते आणि कापून चिकटवायची चित्रं मिळतात. सामान कमी पडलं तर दहा मिनिटांत डिलिव्हरी. ‘पर्यावरण वाचवा’चा तक्ता थर्माकोलवर केलेला मी स्वतः पाहिला आहे.

माझ्या पिढीतल्या अनेकांना यातली एक भूमिका ओळखीची असेल. ‘मामा इंजिनिअर आहे ना, त्याला विचार’ हे वाक्य भाच्याच्या प्रत्येक सोलार सिस्टिमच्या वेळी आपल्यापर्यंत येतं. म्हणजे हा विषय फक्त पालकांचा नाही. मावशी, काका, मोठी ताई, शेजारचा दादा, सगळे या कंत्राटात भागीदार आहेत. आणि आपल्यातले कित्येक जण चार-पाच वर्षांत त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये स्वतः असणार आहेत.

४२ वजा १७ बरोबर ३५

आता मुद्द्यावर येतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या कामात नवीन माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच एक गोष्ट बजावून सांगतात: एरर गिळू नकोस. प्रोग्राम कुठे तरी फसला असेल तर तो फसलेला दिसू दे. वरवर सगळं सुरळीत दिसावं म्हणून एरर दाबून टाकलीस, तर बिघाड तसाच राहतो, फक्त तो कुठे आहे हे कुणालाच कळत नाही. पुढे सहा महिन्यांनी भलत्याच ठिकाणी तो बाहेर येतो आणि तेव्हा शोधायला दहापट वेळ लागतो.

एक उदाहरण घेऊ. मुलाने घरी तीन वजाबाक्या केल्या:

४२ − १७ = ३५
६३ − २८ = ४५
५१ − ३६ = २५

तिन्ही चूक. आईला दिसतात तीन चुका. पण नीट पाहिलं तर चूक एकच आहे. मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ काढले. दशक सुटा करून हातचा घ्यायचा असतो ही कल्पना त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. बाकी त्याचं सगळं बरोबर आहे आणि तो अगदी शिस्तीत, एका नियमाने चुकतोय.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर एक गाजलेला निबंध लिहिला. मुलं वजाबाकीत वाटेल तशी चुकत नाहीत, त्यांच्या डोक्यातल्या पद्धतीत एखादा ठरावीक ‘बग’ असतो आणि चुकीची उत्तरं जमवून पाहिली की तो ओळखता येतो, असं त्यांनी दाखवलं. शिक्षकांना असे बग ओळखायचा सराव व्हावा म्हणून त्यांनी ‘बगी’ नावाचा संगणक-खेळही तयार केला होता. म्हणजे चुकलेल्या तीन उत्तरांत शिक्षकाला हवी असलेली सगळी माहिती असते. बरोबर आलेल्या तीन उत्तरांत ती जवळजवळ नसतेच.

आता रात्री साडेनऊला काय होतं ते पाहा. आई वही बघते, कपाळाला आठ्या पाडते, खोडरबर घेते. ‘अरे, असं नाही रे. हे बघ, इथे बारा होतात.’ मूल झोपेला आलेलं असतं. आई सांगते ते आकडे तो लिहितो: २५, ३५, १५. सकाळी बाई तीन बरोबरच्या खुणा करतात आणि एक स्टार देतात. त्यांच्या दृष्टीने वर्गाला हातच्याची वजाबाकी येते, पुढचा धडा घ्यायला हरकत नाही. बग मुलाच्या डोक्यात तसाच. तो चौथीत तीन अंकी संख्यांना भेटतो, पाचवीत भागाकाराला भेटतो, आणि सहावीत आपण जाहीर करतो की ‘याचं गणितात डोकंच नाही’.

डोकं होतं. त्या डोक्यातून आलेला निरोप आईने वाटेतच फाडून टाकला होता, तोही प्रेमापोटी.

मदतीने नक्की काय होतं?

‘पण मदतीने फायदाही होतोच ना?’ असं वाटणं स्वाभाविक आहे. याचा बराच अभ्यास झालेला आहे, मुख्यतः अमेरिकेत. कीथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस या समाजशास्त्रज्ञांचं ‘द ब्रोकन कंपस’ हे पुस्तक २०१४ मध्ये आलं. पालकांच्या सहभागाबद्दलची अनेक वर्षांची राष्ट्रीय सर्वेक्षणं त्यांनी तपासली. गृहपाठात नियमित मदत केल्याने मुलांचे गुण वाढलेले त्यांना दिसले नाहीत. काही ठिकाणी तर मदत जास्त तिथे गुण कमी, असंच चित्र होतं. यावर एक रास्त शंका आहे: अभ्यासात मागे असलेल्या मुलालाच जास्त मदत मिळते, म्हणून तसं दिसत असेल. ती शंका धरूनही, ‘आई बसली की मार्क वाढतात’ या गृहीतकाला आधार मिळत नाही तो नाहीच.

२०१५ मधला शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा पहिली-दुसरीच्या मुलांवरचा अभ्यास आपल्याला जास्त लागू पडतो. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार गृहपाठात मदत करत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली. मुलांमध्येही ती धास्ती उतरली. धास्ती असलेल्या ज्या पालकांनी फारशी मदत केली नाही, त्यांच्या मुलांच्या बाबतीत हे दिसलं नाही. आपल्याकडे गणिताची धास्ती किती घरांत आहे याचा अंदाज प्रत्येकाने स्वतःच्या आठवणींतून करावा.

शिवाय पद्धतींचा घोळ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. ती पद्धत चांगली की वाईट हा वेगळा विषय. पण त्या वादात पालक इतक्या तावातावाने उतरले याचं एक कारण उघड होतं, ते म्हणजे ही गोष्ट घरी बसून आपल्यालाच शिकवायची आहे हे त्यांना ठाऊक होतं. शाळा एका पद्धतीने सांगते, घर दुसऱ्या, ट्यूशनवाल्या काकू तिसऱ्या. आठ वर्षांच्या मुलाला यांतलं कोण खरं हे कळत नाही. त्याला एवढंच कळतं की समोर जो मोठा माणूस बसला आहे त्याच्यासारखं लिहिलं की सुटका होते.

आणि या सगळ्याची किंमत संध्याकाळ मोजते. २०१७ मध्ये एका चिमुरडीचा व्हिडिओ देशभर फिरला होता. आकडे म्हणताना ती रडतेय, हात जोडून प्रेमाने शिकवा म्हणून विनवतेय आणि समोरून ओरडा पडतोय. विराट कोहलीनेही तो शेअर करून संताप व्यक्त केला होता. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण त्या व्हिडिओत अनोळखी काय होतं? कॅमेरा नसताना तोच प्रसंग किती घरांत रोज आठ ते दहा या वेळात होतो? आईबापांना मुलासोबत दिवसाकाठी मिळतात दीड-दोन तास. त्यातला सगळ्यात मोठा वाटा ‘झालं का?’, ‘कधी होणार?’ आणि ‘तुला काल सांगितलं होतं ना?’ यात जातो.

घरी पाठवलेली ड्यूटी

‘पालक’ हा शब्द सोयीचा आहे, त्यात आई झाकली जाते. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. मुलाचा गृहपाठ या आधीच वाकलेल्या तराजूत पडतो. बाबा ओपन हाउसला येतात, रिपोर्ट कार्डवर सही करतात आणि मार्क कमी असतील तर विचारतात, ‘तू याचा अभ्यास घेत नाहीस का?’

वर्की फाउंडेशनने २०१८ मध्ये २९ देशांतल्या पालकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. मुलांना अभ्यासात मदत करण्यात सर्वाधिक वेळ घालवणारे पालक भारतीय निघाले, आठवड्याला सरासरी १२ तास. फिनलंडचे पालक साधारण ३ तास. सर्वेक्षण ऑनलाइन होतं, त्यामुळे त्यातले भारतीय बहुतेक शहरी आणि शिकलेले असणार. तरीही, किंवा म्हणूनच, तो आकडा आपल्याबद्दल बोलतो. बारा तास म्हणजे दीड दिवसाची नोकरी. ही नोकरी कुणी दिली, करारावर सही कुणी केली, पगार कुठे आहे?

कायदा काय म्हणतो तेही बघण्यासारखं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० पालकांवर एकच कर्तव्य टाकतं: मुलाला शाळेत दाखल करणं. कलम २४ मात्र शिक्षकांची कर्तव्यं सांगतं. त्यात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणं आणि गरज असेल तिथे जादा शिकवणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाच्या प्रगतीची माहिती देणं हेही शिक्षकाचंच काम. म्हणजे मूल कुठे अडलंय हे शोधणं आणि त्याला तिथून पुढे नेणं हे शाळेचं काम. आपल्याकडे झालंय उलटं. मूल कुठे अडलंय ते शाळा मीटिंगमध्ये आईला सांगते आणि वर विचारते, ‘घरी थोडं लक्ष द्या ना.’

हे शिक्षकांविरुद्धचं बोलणं नाही. त्याच कायद्यात प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा असं म्हटलं आहे. तुमच्या ओळखीच्या शाळेतला वर्ग मोजून बघा. कलम २७ नुसार जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतलं मदतकार्य वगळता शिक्षकांना शिक्षणबाह्य कामाला जुंपता येत नाही. एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना विचारा, आज किती ऑनलाइन माहिती भरली. व्यवस्था जे काम शिक्षकाला करू देत नाही, ते ती गुपचूप आईकडे सरकवते. आई ते निमूट करत राहते म्हणून व्यवस्थेला कधी जाब द्यावा लागत नाही. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वहीत बरोबर उत्तरं असतील, तर साठ मुलांचा वर्ग चालतो असंच सिद्ध होतं.

ज्यांच्या घरी कुणी बसू शकत नाही

आतापर्यंत ज्या आईबद्दल बोललो तिच्याकडे निदान संध्याकाळ आहे, इंग्रजी वाचता येतं, कलर प्रिंटचे पैसे आहेत. आता तोच गृहपाठ दुसऱ्या घरात नेऊ.

दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने असतात. काही मुलं आईबापांबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही गावात आजीजवळ. आजीला अक्षरओळख नाही. त्या मुलीच्या गृहपाठाला कोण बसणार? शहरात, शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर खाजगी इंग्रजी शाळेत आलेल्या मुलाची आई चार घरची भांडी करते आणि बाप रिक्षा चालवतो. ग्रुपवरची सूचना इंग्रजीत येते. ‘पेरेंट्स, काइंडली हेल्प युअर वॉर्ड.’ त्या आईने हेल्प कशी करायची?

वर्गात दुसऱ्या दिवशी पंचवीस लॅमिनेटेड विमानं येतात आणि एक वहीच्या पानावर पेन्सिलने काढलेलं. त्या सगळ्यांत एकच काम मुलाने स्वतः केलेलं असतं आणि तेच भिंतीवर लागत नाही. वर्गाची पातळी आयांच्या कामावरून ठरते आणि त्या पातळीवर हे मूल ‘वीक’ ठरतं. त्याची स्पर्धा शेजारच्या बाकावरच्या मुलाशी नसतेच, त्या मुलाच्या आईच्या पदवीशी असते. सरकारने फी भरून, कायदा करून ज्या दारातून त्याला आत आणलं, त्याच दारातून गृहपाठ त्याला रोज थोडं थोडं बाहेर ढकलतो.

ज्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली, तिथे आज आपण शाळा उचलून डायनिंग टेबलावर आणली आहे. त्यांनी मूल जिथे आहे तिथे शिक्षक पाठवला होता. आपण मूल जिथे आहे तिथे फक्त काम पाठवतो आणि शिक्षक ज्याचा त्याने शोधावा.

नियम आहेत

आर. के. नारायण १९८९ मध्ये राज्यसभेत मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर बोलले. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये, द्यायचाच तर घरच्या परिसरात काही शोधायला, न्याहाळायला सांगावं, असं त्यात म्हटलं होतं. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ नको म्हणून आदेश दिला आणि त्याच वर्षी केंद्रानेही तसं परिपत्रक काढलं. २०२० च्या केंद्राच्या स्कूल बॅग धोरणात तर आकडेच दिले आहेत: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

तिसरी ते पाचवी आठवड्याला दोन तास! अनेक घरांत हा कोटा मंगळवारीच संपतो. धोरण कागदावर राहतं यात शाळांचा दोष आहेच. पण शाळा काय सांगतात हेही ऐका: ‘आम्ही कमी दिला तर पालकच तक्रार करतात, शाळेत काही शिकवत नाहीत म्हणून.’ ही तक्रार करणारे आपणच आहोत.

‘बोलायला सोपं आहे’

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत.

पहिला: आमच्या आईने रोज बसवून घेतलं म्हणूनच आम्ही इंजिनिअर झालो. असेलही. पण ज्यांच्या आयांनी तसंच बसवून घेतलं आणि जे झाले नाहीत, ते हा किस्सा सांगायला कुठल्या लग्नात भेटत नाहीत. आणि आठवून बघा, आपल्यापैकी अनेकांच्या आयांनी फक्त चहा करून दिला होता आणि टीव्ही बंद ठेवला होता. अभ्यास आपण केला होता.

दुसरा: सगळे करतात, मी एकटीने थांबवलं तर माझंच मूल मागे पडेल. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच हा एकट्याने सोडवायचा प्रश्न नाही. ज्या ग्रुपवर वह्यांचे फोटो फिरतात त्याच ग्रुपवर पाच पालक ठरवू शकतात की या महिन्यापासून प्रोजेक्ट मुलंच करतील, वाकडे झाले तरी वाकडेच नेतील. वर्गात पाच वाकडी विमानं आली की सहावं आणायला हिंमत लागत नाही.

तिसरा: अपुरा गृहपाठ नेला तर मुलाला शिक्षा होईल. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ याच कायद्याच्या कलम १७ ने बेकायदा आहेत. पालकांचं बळ खर्चायची जागा इथे आहे. रात्री मुलाशी भांडण्यापेक्षा सकाळी शाळेशी बोलणं अवघड असतं. पण आपण मोठे आहोत, अवघड काम आपण करायचं.

आणि सगळ्यात नवा आक्षेप असा, की आता आई कशाला, चॅटजीपीटी आहे. गणिताचा फोटो काढा, पायऱ्यांसकट उत्तर घ्या. हा आक्षेप माझ्या बाजूचाच आहे. उत्तर कुणी लिहिलं हे कळायची सोय आता पूर्ण संपली. घरून लिहून आणलेल्या बरोबर उत्तराची किंमत आधीही कमी होती, आता शून्य झाली. सराव हवाच असेल तर तो वर्गात, बाईंच्या डोळ्यांसमोर, तासाची शेवटची पंधरा मिनिटं काढून घ्यावा लागेल. बालभारतीच्या प्रत्येक धड्याखाली ‘स्वाध्याय’ असा सुंदर शब्द छापलेला असतो. त्यातला ‘स्व’ शाळेने परत घ्यावा आणि घरानेही सोडावा.

मग पालकांनी करायचं काय?

भरपूर आहे, आणि ते जास्त आनंदाचं आहे. बसायला एक जागा द्या, ठरलेली वेळ द्या, त्या वेळात आपलाही फोन बाजूला ठेवा. गोष्टी वाचून दाखवा, वाचता येत नसेल तर सांगा. ‘झालं का?’ऐवजी ‘आज कशात गंमत आली?’ असं विचारून बघा. मुलाला तुम्हाला काहीतरी समजावून सांगू द्या, आणि ते चुकीचं सांगत असलं तरी शेवटपर्यंत ऐका. बाजारात नेऊन सुट्टे पैसे मोजायला द्या. जेवणात मीठ किती पडतं ते विचारू द्या.

आणि शाळेला काही घरी पाठवायचंच असेल, तर यशपाल समितीने म्हटलं तसं पाठवावं. तुमच्या आजीच्या लहानपणी पाणी कुठून यायचं? घरात आठवड्याला किती डाळ लागते? असा गृहपाठ प्रत्येक घरात होतो, आणि तिथे ऊसतोड कामगाराची मुलगी मागे पडत नाही. उचल म्हणजे काय, टनाचा हिशोब कसा करतात, मोळी कशी बांधतात, पहाटे गाडी किती वाजता भरते, हे तिला माहीत आहे. त्यात गणित आहे, भूगोल आहे, अर्थशास्त्रही आहे. वर्गात तिने ते सांगितलं तर बाकीचे ऐकत बसतील.

राहिला रोजचा प्रश्न: वजाबाकी येत नाही, झोपायची वेळ झाली, उद्या वही दाखवायची आहे. तेव्हा खोडरबर उचलू नका. चुकलेलं उत्तर तसंच राहू द्या. खाली पेनने दोन ओळी लिहा आणि सही करा: ‘बाई, इथपर्यंत तिने स्वतः केलं आहे. पुढचं तिला जमलं नाही. कुठे अडतंय ते बघाल का?’